युरोपचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या

साताऱ्याच्या डोंगरात नवं गिरिस्थान उभारायच्या 'नवं महाबळेश्वर' प्रकल्पाची बातमी आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "युरोपात भर जंगलात रिसॉर्ट चालतात, तिथं कुणी ओरडत नाही. मग आपल्याकडच्या पर्यावरणवाद्यांनाच काय धाड भरते?" त्याखाली कुणीतरी आमच्याच सुट्टीचा फोटो टाकतं. पाइनची झाडं, काचेच्या दाराचा बैठा बंगला, सायकलवर मुलं. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते, या रिसॉर्टांमध्ये मुलांना घेऊन जाते आणि मला ती मनापासून आवडतात. माझा फोटो पुरावा म्हणून वापरला जात असेल, तर त्या फोटोच्या चौकटीबाहेर काय आहे तेही मला सांगायला हवं.

आधी ही जागा कशी असते ते सांगते. आमच्या घरापासून जवळ, बेल्जियमच्या सीमेकडे, सेंटर पार्क्स या रिसॉर्टांच्या साखळीचं केंपरव्हेनन आहे. शुक्रवारी दुपारी जायचं आणि सोमवारी निघायचं, नाहीतर सोमवार ते शुक्रवार. गाडी बंगल्यापर्यंत न्यायची ती फक्त सामान उतरवायला. त्यानंतर ती थेट पार्किंगमध्ये जाते आणि निघायच्या दिवसापर्यंत तिथेच राहते. आत सगळा कारभार पायी किंवा सायकलवर. धाकटी पोरं, ओले टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या बोल्डरकार नावाच्या चार चाकी ओढगाडीत कोंबायच्या आणि निघायचं. सकाळी पडवीच्या काचेवर बदकं चोची आपटतात. बंगल्यात पूर्ण स्वयंपाकघर असतं, त्यामुळे मराठी घरं कुकर आणि भाजणी घेऊनच येतात. मधोमध काचेच्या भल्यामोठ्या छपराखाली पोहण्याचे तलाव. बाहेर बर्फ पडत असला तरी आत साधारण 29 अंश. त्या उबेसाठी किती ऊर्जा जळते याचा विचार माझ्या मनात दर खेपेला येतो. मुलांसाठी मात्र तो अख्ख्या सुट्टीचा कळस असतो.

ही कल्पना कुठल्या बड्या हॉटेलवाल्याची नव्हती. रॉटरडॅममध्ये खेळाच्या सामानाचं दुकान काढणाऱ्या पीट डर्कसेन यांनी 1968 मध्ये लिंबुर्ग प्रांतात, रूव्हर गावाजवळ असं पहिलं ठिकाण सुरू केलं. बंगल्यांचा आराखडा याप बाकेमा यांचा, म्हणजे युद्धात बेचिराख झालेलं रॉटरडॅम पुन्हा उभं करणाऱ्यांपैकी एका वास्तुरचनाकाराचा. शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना झाडांमध्ये, आपल्या अंगणासारख्या जागेत चार दिवस मिळावेत, हा हेतू होता. 1980 मध्ये नेदरलँड्समधल्याच एमहोफ या त्यांच्या रिसॉर्टला काचेच्या छपराखालचा पहिला तलाव आला आणि पावसाळी युरोपात ही सुट्टी बारमाही झाली. 1987 मध्ये ती समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या शेरवूडला पोचली.

आता चौकटीबाहेरची पहिली गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आत्या इथं आली होती. तिचं सासर पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. आयुष्यभर रान जवळून पाहिलेली बाई. पहिल्याच संध्याकाळी ती माझ्याबरोबर चालायला निघाली आणि दहा मिनिटांत थांबली. एका झाडामागे उभं राहून तिने पुढे बोट केलं. मागची सगळी झाडं त्या एका झाडाआड लपली होती, इतकी सरळ रांग. "ही तर लावल्याली झाडं हायत," ती म्हणाली. "रानात कधी अशी रांगंनं उगवत्यात व्हय?" मग तिने खाली वाकून पाइनच्या सुया बाजूला केल्या. खाली नुसती वाळू. वेल नाही, झुडूप नाही, वारूळ नाही.

आत्याने जे पाहिलं ते अक्षरशः खरं आहे. नेदरलँड्सच्या दक्षिणेतल्या आणि बेल्जियमच्या सीमेवरच्या या माळरानांवर लोकांनी पाइन मुद्दाम लावले, आणि त्यातलं बरंच लाकूड लिंबुर्गच्या कोळसा खाणींत बोगद्यांना टेकू द्यायला गेलं. एमहोफचं तर विचारूच नका. ते ज्या दक्षिण फ्लेवोलँडमध्ये आहे ती जमीनच 1968 पर्यंत पाण्याखाली होती. बांध घालून, पाणी उपसून ती कोरडी केली आणि मग तिच्यावर जंगल लावलं. बेल्जियममध्ये 2021 ला उघडलेलं टेरहिल्स आइसडेनच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर आहे. इंग्लंडमध्ये सफकचं एल्व्हडेन 1989 चं, तेही पाइनच्या लागवडीत. (त्याच एल्व्हडेनच्या चर्चच्या आवारात पंजाबचे शेवटचे महाराजा दुलीपसिंग यांची कबर आहे. ती इस्टेट एके काळी त्यांचीच होती. जवळ गेलात तर जरूर जाऊन या.)

थोडक्यात, यातली बरीच ठिकाणं आपल्याकडच्या निलगिरीच्या किंवा सुरूच्या बनासारख्या जागेत आहेत. कोयनेच्या किंवा जावळीच्या सदाहरित रानाशी त्यांची तुलनाच होत नाही. ते रान कुणी लावलेलं नाही आणि एकदा गेलं की कुणाला लावता येणार नाही. त्यातल्या कोयना अभयारण्याचा आणि कास पठाराचा समावेश 2012 मध्ये जागतिक वारशात झाला तो उगाच नाही.

दुसरी गोष्ट, "तिथं कुणी ओरडत नाही" याची. भरपूर ओरडतात, आणि मला इथल्या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं कौतुक त्याचंच आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या बाजूला रोय्बों नावाचं गाव आहे. तिथल्या शांबारांच्या जंगलात सुमारे 1,000 कॉटेजचं सेंटर पार्क्स 2007 मध्ये जाहीर झालं. गावाला रोजगार हवा होता, गावचे पुढारी बाजूने होते. पण जागा पाणथळ होती आणि त्या भागातल्या झऱ्यांना पाणी तिथून मिळतं असं विरोधकांचं म्हणणं होतं. 2014 च्या शरदात झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा माणसं जाऊन जंगलातच राहिली. कोर्टात दावे चालले, काम थांबलं आणि अखेर 2020 मध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. इंग्लंडमधलं उदाहरण त्याहून साधं. वेस्ट ससेक्समध्ये क्रॉलीजवळ ओल्डहाउस वॉरन नावाच्या जंगलात नवं सेंटर पार्क्स उभारायचं 2021 मध्ये ठरत होतं. जुन्या जंगलाचा भाग म्हणून निसर्गसंस्थांनी आधीपासूनच विरोध केला. कंपनीने स्वतः पक्षी-प्राण्यांची पाहणी करून घेतली आणि 2023 मध्ये ही जागा योग्य नाही असं सांगून माघार घेतली. एक झाड तुटायच्या आधी.

माघार घेतल्यावर ब्रिटनमध्ये या कंपनीचं दुकान बंद पडलं का? नाही. तिने दुसरी जागा शोधायला घेतली आणि स्कॉटलंडमध्ये हॉइक गावाजवळची जमीन पुढे आली. म्हणजे विरोधाने विकास थांबला नाही, त्याची जागा बदलली. आपल्याकडे ही दुसरी पायरी येतच नाही. आधी झाडं जातात, डोंगर फोडला जातो, मग नोटीस येते, मग दंड भरून ते नियमित करून घेण्याची धडपड सुरू होते. मुळशीतल्या लवासाला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2010 मध्ये काम थांबवायला सांगितलं तेव्हा डोंगरावर आधीच घरं उभी होती.

गाड्यांच्या बाबतीत मात्र आपल्याला युरोपकडे बघायची गरजच नाही. डर्कसेनच्या आधी कितीतरी वर्षं आपल्याकडे माथेरान होतं. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची आणि तांबड्या मातीतून चालत, घोड्यावरून किंवा 1907 पासून धावणाऱ्या छोट्या गाडीतून वर जायचं. 2003 मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झालं. तरी दर काही वर्षांनी वरपर्यंत गाड्या सोडा अशी मागणी होतेच. म्हाताऱ्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, शाळेच्या मुलांसाठी ई-रिक्षा असावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माणसाने माणसाला ओढत न्यायच्या हातरिक्षा बंद करा, असं सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये सांगितलं ते योग्यच झालं. पण पर्यटकाची एसयूव्ही हॉटेलच्या दारात लागली पाहिजे, हा हट्ट वेगळा. इथं त्याच गाडीवाल्या मराठी कुटुंबांना मी हसत हसत ओढगाडी ओढताना बघते. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला कमीपणा वाटत नाही.

दर्जा आणि शिस्त वाखाणताना या सुट्टीची एक बाजू मला डाचते, तीही लिहिते. साध्या कुटुंबांसाठी निघालेली ही गोष्ट आता साध्या कुटुंबांना परवडेनाशी झाली आहे. शाळेला सुट्टी लागली की त्याच बंगल्याचं भाडं कुठल्या कुठे जातं. इंग्लंडमध्ये शाळा चालू असताना मूल घेऊन गेलात तर ऑगस्ट 2024 पासून एका मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड दंड, वेळेत भरला नाही तर 160. तरी काही पालक हिशेब करतात आणि दंड भरून जातात, कारण तो भाड्यातल्या फरकापेक्षा स्वस्त पडतो. रिसॉर्ट कुणासाठी, हा प्रश्न इथंही सुटलेला नाही.

साताऱ्यात तो अधिक टोकदार आहे. रस्ते विकास महामंडळाच्या हाती दिलेल्या या प्रकल्पात सुरुवातीलाच 235 गावं होती, नंतर त्यांत आणखी भर पडली. त्या गावांतल्या लोकांना नुसतं "निसर्ग वाचवा" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कोयना धरणाने त्यांची खालची शेती नेली, अभयारण्याने वरचं रान बंद केलं, आणि घरटी एक माणूस मुंबईला माथाडी म्हणून गेला. माझ्या आत्याचे यजमानही मशीद बंदरला पाठीवर पोती वाहत होते. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, स्पष्ट म्हणतो, "तुम्ही परदेशात राहून आम्हाला झाडं मोजायला सांगू नका, आम्हाला रस्ता पाहिजे, दवाखाना पाहिजे." दादाचं बरोबर आहे. रस्ता आणि दवाखाना त्याचा हक्क आहे आणि तो रिसॉर्टच्या अटीवर मिळता कामा नये. रोय्बोंच्या गावकऱ्यांनाही नेमका हाच सौदा दाखवला गेला होता.

पण दादालाही मी एक विचारते. त्याच्या खोऱ्यात आज जमिनी कोण घेतंय? गुंठ्यांच्या भावाने बोलणारे पुण्या-मुंबईचे दलाल. त्या जमिनीवर उद्या बंगला झाला तर त्याची पोरं तिथं काय करणार, चौकीदारी? बामणोली-तापोळ्याकडे काही घरांनी स्वतःच्या अंगणात पर्यटक ठेवायला सुरुवात केली आहे. बोट त्यांची, चूल त्यांची, पैसा त्यांच्या घरात. नवं काही उभारायचंच असेल तर ते या घरांना धरून उभारा. आणि जागा निवडताना आधीच उजाड झालेली जमीन घ्या, सोडून दिलेल्या खाणी घ्या, लागवडीची बनं घ्या.

म्हणून ग्रुपवर युरोपचा फोटो टाकणाऱ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी फोटोबरोबर प्रश्नही टाका. कुठल्या सर्व्हे नंबरमध्ये बांधकाम होणार? तिथलं रान लावलेलं आहे की मूळचं? पावसाळ्यातलं आणि उन्हाळ्यातलं, दोन्ही वेळचं सर्वेक्षण कुणी केलं? गाड्या कुठे थांबणार? उन्हाळ्यात पाणी कुणाच्या विहिरीतून येणार? आणि उत्तर "जागा योग्य नाही" असं आलं तर माघार घेण्याची तरतूद आराखड्यात आहे का? ही उत्तरं त्या सगळ्या गावांच्या ग्रामसभांमध्ये, गावाच्या नावानिशी आणि मराठीत, पहिला जेसीबी घाटात चढायच्या आधी वाचून दाखवली गेली पाहिजेत.