मंगळवारी सकाळी अकरा वाजता

काल एका ओळखीच्या मुलाचा मेसेज आला. "ताई, म्युनिकपासून पन्नास किलोमीटरवर घर मिळतंय. ६८ चौरस मीटर, काल्टमीटे (हीटिंगशिवायचं भाडं) महिन्याला ७८० युरो. म्युनिकात एवढ्यात धड एक खोली मिळत नाही. घेऊन टाकू ना?" लग्न नुकतंच झालंय, बायको जानेवारीत येतेय.

उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं. जर्मनीत नव्याने येणारं कुणी ना कुणी दर दोन महिन्यांनी मला हेच विचारतं.

त्याचं गणित चूक नाही. म्युनिकात नव्या भाडेकरूला जाहिरातीत चौरस मीटरला वीस युरोच्या वरचाच आकडा दिसतो. आम्ही सध्या राहतो त्या पूर्व जर्मनीतल्या हाले शहरात तो सात-आठच्या आसपास असतो. साठ मीटरचं घर धरलं तर महिन्याला सातशेच्या पुढे फरक पडतो. टॅक्स, पेन्शन, आरोग्यविमा कापून जे हातात येतं त्यात सातशे युरो म्हणजे काही किरकोळ रक्कम नव्हे. त्यामुळे स्वस्त गाव शोधू नका असं मी म्हणणार नाही. आम्ही दोनदा शोधलंय. पहिल्यांदा सपशेल तोंडावर आपटलो.

२०२१ च्या सप्टेंबरात आम्ही बायर्नमधल्या (म्हणजे बव्हेरिया, म्युनिकचं राज्य) एका खेड्यात राहायला गेलो. नाव सांगत नाही, गावाचा काही दोष नाही. म्युनिकहून रेल्वेने पन्नास मिनिटं, मग बस. खिडकीतून गायी, मागे जंगल, घरमालक सज्जन. काल्टमीटे ७२०. नवरा आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायचा, सकाळी सहा पन्नासच्या बसने. त्याच्या दृष्टीने गाव म्हणजे झोपायची जागा आणि शनिवार-रविवारचा देखावा. गावात खरं कोण राहत होतं? मी.

सकाळी अकराला तिथे काय असायचं ते सांगते. रस्त्यावर माणूस नाही. बेकरी साडेदहाला बंद. एक चर्च, एक अग्निशमन दलाची शेड, एक बंद पडलेलं गाष्टहाउस, म्हणजे खाणावळ. बसथांब्यावरच्या वेळापत्रकात अकराच्या बसपुढे टेलिफोनचं बारीक चित्र. ते चित्र म्हणजे काय हे कळायला मला तीन आठवडे लागले. ती रुफबस. म्हणजे बस आपणहून येत नाही, तासभर आधी फोन करून बोलवावी लागते. फोनवर. जर्मनमध्ये. मी 'ए वन'ची, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची पुस्तकी जर्मन शिकून आलेले आणि पलीकडचे आजोबा अस्सल बवेरियन बोलीत बोलणारे. पहिल्या वेळी त्यांनी दोनदा काहीतरी विचारलं, मी दोनदा "या, या" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. बस आली नाही. नंतर लक्षात आलं, ते विचारत होते किती जण आहात.

हसू येतं आता. तेव्हा नव्हतं येत.

२०२२ च्या उन्हाळ्यात सरकारने तीन महिने नऊ युरोंचं तिकीट काढलं. महिनाभर देशात कुठेही लोकल गाड्या आणि बस. सगळे फिरत होते, फोटो टाकत होते. आमच्याकडे तिकीट होतं, बस नव्हती.

मग गाडी. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्याने. लेखी इंग्रजीत देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र परीक्षक जर्मनमध्येच सांगणार, डावीकडे घ्या, इथे लावा. नवऱ्याने दिली. एकदा नापास झाला, तासांची फी, परीक्षेची फी, नजर तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स सगळं धरून अडीच हजारांच्या पुढे गेलं. जुनी गाडी घेतली. विम्याच्या दृष्टीने तुम्ही कालच चालवायला शिकलेला पोरगा असता, आधीची दहा वर्षं कुणी मोजत नाही, त्यामुळे हप्ता चढा. पेट्रोल, हिवाळ्याचे टायर, स्टेशनवरचं पार्किंग. वाचवलेल्या भाड्यातले महिन्याला तीन-साडेतीनशे तिथेच गेले. उरलेलं नोव्हेंबरात गेलं. गरम करण्याच्या खर्चाचा वार्षिक हिशेब आला. जुनं घर, तेलावरचं हीटिंग, वर २०२२ सालचे भाव. काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. घर बघताना 'वार्ममीटे (हीटिंग धरून भाडं) किती आणि मागच्या भाडेकरूचा हिशेब किती आला' हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता.

पण खरा खर्च कुठल्याच बिलात आला नाही. ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना, नवऱ्याकडे तोच होता) जोडीदाराला इथे पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा असते. कायद्याने मी मोकळी होते. भाषेचा कोर्स तालुक्याच्या गावी, फोल्क्सहोखशूलेत (मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात), पुरेशी माणसं जमली तरच सुरू होणार. दोनदा जमली नाहीत. तिसऱ्यांदा जमली, पण वर्ग संध्याकाळी सहा ते सव्वानऊ आणि परतीची शेवटची बस पावणेसातला. चौदा महिने मी घरात होते. अकाउंट्समधली नऊ वर्षांची नोकरी सोडून आलेली बाई अकरा वाजता खिडकीत उभी राहून गायी मोजत होती. माझा न कमावलेला पगार भाड्यात मिळवा, मग सांगा ते घर किती स्वस्त होतं.

म्हणून माझी एकच परीक्षा आहे. घरातल्या ज्या माणसाला अजून नोकरी नाही, त्याला मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्या गावात उभं करा आणि बघा तो काय करू शकतो. रविवारी गाव बघायला जाऊ नका, रविवारी अख्खा जर्मनी बंद असतो. जूनमध्ये तर मुळीच जाऊ नका, जूनमध्ये सगळीच गावं सुंदर असतात. नोव्हेंबरात जा, साडेचारला अंधार पडतो तेव्हा. पूर्वेकडच्या काही गावांनी तर ही सोय स्वतःच केली. पोलंडच्या सीमेवरच्या ग्योर्लित्सने लोकांना काही आठवडे राहून बघायला बोलावलं, आयझेनह्युटनश्टाटने २०२५ च्या सप्टेंबरात दोन आठवडे फुकट राहायला दिलं. दोन्ही ठिकाणची माणसं कमी झालीत, घरं रिकामी आहेत. तुमच्या गावाची अशी योजना नसेल तर स्वतःच्या पैशाने आठवडाभर फर्निश्ड खोली घ्या. दोन-चारशे युरो जातील. जाऊ देत.

आणि गाव स्वस्त असेल तर ते का स्वस्त आहे हे शोधून काढा. कारण असतंच. आमच्या खेड्याचं कारण बसथांब्यावर छापलेलं होतं, वाचता आलं नाही इतकंच. हालेशेजारच्या लाइपझिग शहराच्या विमानतळाभोवती काही घरं स्वस्त दिसतात, कारण तिथून मालवाहू विमानं रात्रभर उडतात. हाले स्वस्त आहे कारण १९९० नंतर, दोन्ही जर्मनी एक झाल्यावर, इथून माणसं गेली. तीन लाखांच्या वरचं शहर वीस वर्षांत दोन लाख तीस हजारांवर आलं. लॉयना आणि बूनाच्या रसायन कारखान्यांतल्या कामगारांसाठी १९६४ पासून उभारलेल्या हाले-नॉयश्टाट या वसाहतीची वस्ती निम्म्यावर आली. कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या, तरुण पश्चिमेला गेले, पण ट्राम राहिली, विद्यापीठ राहिलं, इस्पितळं राहिली. मोठ्या शहरासाठी बांधलेल्या सोयी आणि त्यामानाने कमी माणसं. आमच्यासारख्यांना हे कारण मानवण्यासारखं आहे.

२०२३ च्या सुरुवातीला इथे आलो. तेव्हा ब्लू कार्डवर पहिली दोन वर्षं नोकरी बदलायला परवानगी लागायची, त्या पत्राची वाट बघण्यात नऊ आठवडे गेले. आता नियम सैल झालाय, पहिल्या वर्षभरात कळवावं लागतं, फार तर कार्यालय हरकत घेतं. नवऱ्याचं ऑफिस लाइपझिगला, एस-बानने, म्हणजे लोकलने, पाऊण तासाच्या आत. घर गृहनिर्माण सहकारी संस्थेचं. दलाल नाही, सभासदत्वाचे शेअर घ्यायचे, सोडताना पैसे परत. स्वयंपाकघराच्या जागी मात्र दोन नळ आणि भिंतीतून डोकावणारी वायर, ओटा-कपाटं आपली आपण आणायची. (डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. हे कुणी सांगत नाही म्हणून कंसात.)

पहिल्या मंगळवारी अकरा वाजता मी ट्राममध्ये बसले आणि मार्क्टप्लात्सला, म्हणजे बाजारचौकात, उतरले. हेंडेलचा पुतळा, हा संगीतकार इथलाच, १६८५ चा जन्म. त्याच्या पायाशी भाजीवाले. पुढच्या गल्लीत भाषाशाळा, वर्ग सकाळी नऊला आणि दुपारी एकला. माझ्या शेजारी सीरियाची दंतवैद्य, मागे व्हिएतनामी आजी. दहा महिन्यांत 'बी वन', म्हणजे भाषेची मधली पायरी, झालं. आज विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत हिशेब बघते, एस-फाइव्ह लोकल थेट तिथे थांबते. देशभरच्या लोकल गाड्या आणि बसचं महिन्याचं डॉइचलांड-तिकीट ४९ युरोंचं ५८ झालं, २०२६ पासून ६३. तरी गाडीपुढे काहीच नाही. गाडी विकली.

आता जी गोष्ट लोक खासगीत विचारतात ती. पूर्वेकडे आपल्यासारख्या रंगाच्या माणसाने राहावं का? गोड बोलणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात याच शहरात सिनेगॉगवर हल्ला झाला, दोन माणसं गेली. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत या राज्यात एएफडी हा स्थलांतरितांच्या विरोधातला अतिउजवा पक्ष पहिला आला. फुटबॉलच्या दिवशी संध्याकाळी काही ट्राम मी टाळते. तीन वर्षांत दोनदा तोंडावर घाण बोललं गेलं. एकदा मी गप्प बसले, एकदा शेजारची म्हातारी त्या माणसावर अशी काही तुटून पडली की मलाच संकोच वाटला. हा खर्चसुद्धा हिशेबात धरा, आणि तो ज्याचा त्यानेच धरायचा. ओळखीचं एक कुटुंब याच कारणासाठी पश्चिमेकडच्या कासेलला गेलं. भाडं जास्त देतात, रात्री नीट झोपतात. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मी राहिले कारण माझ्या रोजच्या दिवसात माणसं आहेत, आणि त्या खेड्यात कुणी वाईट नव्हतं पण कुणी नव्हतंच.

त्या मुलाला एवढं सगळं पाठवलं नाही. म्हटलं, त्या गावातली शेवटची बस बघ. पाच मिनिटांत स्क्रीनशॉट आला, १८.४७. पुढे टेलिफोनचं बारीक चित्र. त्याने विचारलं, "ताई, हे फोनचं काय आहे?"

मी विचारलं, बायकोला दाखवलंस का हे?

"नाही, तिला सरप्राइज द्यायचंय."