प्लॉट घेताना खालचं कोण बघतं?

माझ्या मावसभावाने छिंदवाड्याकडच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, परासियाला प्लॉट बघितलाय. परवा इंदूरला आमच्याकडे आला आणि रजिस्ट्री, नामांतरण (फेरफार), डायवर्शन (शेतजमीन बिनशेती केल्याचा कागद), सगळे कागद बाबांपुढे मांडले. बाबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि एवढंच विचारलं, "अरे, खाली खदान कुठवर आलीय?"

"काका, ती बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली!"

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकतेय, म्हणून आज लिहायला बसले.

बाबा त्याच परासियाच्या पेंच भागातल्या भूमिगत कोळसा खाणींत सर्व्हेअर होते. क्वार्टरच्या मागच्या ज्या वावरात आम्ही आदल्या संध्याकाळी खेळलो होतो, तिथे एका पावसाळी सकाळी विहिरीएवढा गोल खड्डा पडलेला होता. कडा कापल्यासारख्या सरळ, आत माती अजून ओघळत होती. आईने आम्हाला दंडाला धरून घरात नेलं, ती पकड अजून आठवते. त्याखालचं खाणकामही जुनं, बंद झालेलंच होतं.

कोळसा काढताना खाली गल्ल्या खोदतात आणि छत पेलायला मधे कोळशाचेच खांब सोडतात. पुष्कळ ठिकाणी नंतर तेही काढून घेतात, त्याला डीपिलरिंग म्हणतात. मग मागचं छत कोसळू देतात, नाहीतर पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरतात. छत कोसळलं की वरची जमीन बशीसारखी बसते, आणि खालच्या पोकळीपेक्षा जास्त भागात बसते. म्हणून खाण शेजारच्या वावराखाली असली तरी तडा तुमच्या भिंतीला जाऊ शकतो. पण अशी जमीन बहुतेक करून काही वर्षांत बसायची तेवढी बसून घेते. मला भीती वाटते ती खांब अजून उभे आहेत तिथली. पंप थांबतात, पाणी भरतं, खांबांच्या कडा झडत राहतात, छताचा एकेक थर सुटतो आणि पोकळी वर वर सरकते. काम कमी खोलीवर असेल तर ती एक दिवस थेट अंगणात उघडते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला 26 ऑगस्ट 2022 ला एक नांदतं घर असंच जमिनीत गेलं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली.

सातपुड्याच्या उतारावर आणखी एक धोका असतो. खालचा आधार गेला की माथ्याजवळची जमीन ताणली जाऊन फाटते, त्या भेगांत पावसाचं पाणी शिरतं आणि उतार जड होऊन सैल पडतो. कॅनडातल्या फ्रँक गावावर 1903 साली टर्टल माउंटनचा कडा कोसळला. तो डोंगर मुळातच कमजोर होता, पण पायथ्याच्या कोळसा खाणीनेही त्यात भर घातली असं मानतात.

इंदूरकरांना भेगांचं फारसं काही वाटत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आपण पुट्टी भरतो आणि विसरतो. बाबा आजही सुदामा नगरच्या आमच्या घरात भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करतात आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहितात. काच तडकली की समजायचं, भिंत हलतेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की खाणीचा नकाशा खसऱ्याला, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या नोंदीला जोडा. खाण सोडताना तो धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावाच लागतो, म्हणजे कागद नव्याने करायचा नाहीये. वर रेल्वेलाइन किंवा पक्की इमारत असेल, तर तिच्या 45 मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नाही. इमारत आधीची असेल तर नियम तिला सांभाळतो. खाण आधी आणि घर नंतर, तिथे मात्र रजिस्ट्रीच्या टेबलावर कोणी अवाक्षर काढत नाही. घेणारा आयुष्याची कमाई ओततो, त्याला खालची खोली आणि खांबांची स्थिती कळायलाच हवी. याने जमिनींचे भाव पडतील म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे.

भावाने दलालाला फोन करून खदानीचा नकाशा मागितला. "असं आजवर कोणी मागितलं नाही," तो म्हणाला. रविवारी बाबा पेंचव्हॅली एक्सप्रेसने भावाबरोबर जाताहेत. वय 78 आहे, गुडघे दुखतात, पण टेप आणि काचेच्या चार पट्ट्या पिशवीत आत्ताच भरून ठेवल्यात.