गुलमोहर पाडून घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या अंगणात एखादे धोकादायक झाड उभे असेल आणि ते पाडून घेण्याचा विचार आपल्या मनात घोळत असेल, तर ठेकेदाराच्या शोधात वणवण करू नये. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकलवरून गल्लीत आपणहून अवतरतो. पुण्यातल्या आमच्या घरासमोर तो असाच अवतरला. वडिलांनी १९८३ साली लावलेल्या गुलमोहराचा बुंधा एका बाजूने वाळवीने पोखरला होता आणि सगळे झाड शेजाऱ्यांच्या भिंतीकडे कलले होते. त्याने गाडीवरून न उतरता एकदा वर पाहिले आणि ''होऊन जाईल, साहेब,'' असे सांगितले. या तीन शब्दांवर आपण संपूर्ण विश्वास टाकावा. काय होऊन जाईल, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने, असे विचारून समोरच्याचा अपमान करू नये.

आदल्याच दिवशी दुसरा एक ठेकेदार येऊन गेला होता. त्याने झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुंध्यावर ठोकून आवाज ऐकला, विजेची तार कुठून जाते ते पाहिले, आणि माणसे, दोर, पाला उचलण्याची गाडी असा तपशील कागदावर लिहून २६,००० रुपये सांगितले. ज्याला इतके प्रश्न पडतात त्याला काम येत नसणार, हे आपण लगेच ओळखावे. आमच्या माणसाने १४,००० सांगितले आणि लाकूडही तोच नेणार होता. त्यांपैकी ८,००० आगाऊ हवे होते. ते रोख द्यावेत आणि पावती मागू नये. मी मागितली नाही.

राहता राहिला परवानगीचा प्रश्न. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे, आणि त्यानुसार स्वतःच्या अंगणातले, स्वतःच्या वडिलांनी लावलेले झाडही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज केल्याशिवाय तोडता येत नाही. अर्ज केला की पाहणी होते, झाडावर नोटीस चिकटवली जाते, हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या सुधारणेने तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद आणली. आपण या कटकटीत पडू नये. ''ऑफिसात आपला माणूस आहे, कागद आम्ही काढतो,'' असे ठेकेदार म्हणाला, तेव्हा मला फार हायसे वाटले. तो माणूस कोणत्या ऑफिसात होता, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

यानंतर वाट पाहावी. ''उद्या सकाळी नऊला'' हा काळ साधारण तीन आठवडे चालतो. त्या अवधीत पोराला ताप येतो, मशीन दुरुस्तीला जाते, एक आजी दोनदा वारते. आपण सहानुभूती दाखवावी, कारण आपले ८,००० रुपयेही त्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी असतात.

अखेर एका रविवारी दुपारी, चुलीवर दूध ठेवून यावे तसे घाईघाईने, पायांत चपला घातलेली दोन मुले करवतीचे मशीन आणि एक जुना दोर घेऊन आली. दाटीवाटीच्या जागेत झाड शेंड्याकडून तुकड्यातुकड्याने उतरवतात, प्रत्येक फांदी दोराला बांधून खाली सोडतात आणि कापण्यापूर्वी तिला खालच्या अंगाने एक चीर देतात, म्हणजे ती साल सोलत झोकांडी खात नाही, असे जाणकार सांगतात. जाणकारांचे हेच चुकते. त्यांच्या पद्धतीत सगळा दिवस मोडतो आणि पाहणाऱ्यांना काहीच बघायला मिळत नाही. आमच्या मुलांनी दोराचे एक टोक फांदीला आणि दुसरे आमच्या फाटकाच्या खांबाला बांधले आणि सरळ वरून करवत लावली. गुलमोहराचे लाकूड मुळातच ठिसूळ. फांदी अर्धी कापली जाताच उभी फाटली, अर्धवर्तुळात फिरली आणि शेजारच्या काकूंची सहा फूट भिंत, इंटरनेटची केबल आणि आमचे फाटक असा तिहेरी निकाल लावून शांत झाली. तुळशीवृंदावन दीड हाताने वाचले. ''दोर चांगला निघाला,'' असे त्यांतला मोठा मुलगा म्हणाला, आणि ते खरे होते; दोर तुटला नाही, खांब उपटला.

कामाचा क्रम कसा असावा, हेही या निमित्ताने शिकून घ्यावे. वखारीत ज्याचे पैसे होतात ते जाड ओंडके सर्वांत आधी टेम्पोत चढतात. ज्याचे पैसे होत नाहीत तो पाला, डहाळ्या आणि कंबरेइतका बुंधा ''उद्या सकाळी नऊला'' जाणार असतो. उरलेले ६,००० मात्र त्याच संध्याकाळी द्यावे लागतात, कारण टेम्पोवाला थांबलेला असतो. मी दिले. हे वाचून आपण हसाल. पण फाटक नसलेल्या अंगणात, काकू बघत असताना, अंधार पडत असताना घासाघीस करून पाहा.

पाला अकरा दिवस पडून होता. बाराव्या दिवशी उद्यान विभागाचा कर्मचारी आला. त्याने पंचनामा केला आणि झाड कोणाच्या नावावर आहे एवढेच विचारले. ठेकेदाराचे नाव मी मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा त्याने आडनाव विचारले, आणि ते मला ठाऊक नव्हते.

भिंत, फाटक, केबल आणि पाल्याची गाडी धरून माझा खर्च ४१,००० च्या पुढे गेला आहे. दंडाचे पत्र यायचे आहे आणि बेचाळीस रोपांसाठी मी अंगणात जागा मोजतो आहे. दरम्यान पावसाळ्यात त्या कंबरेइतक्या बुंध्याला, वाळवी न लागलेल्या बाजूने, हिरवेगार धुमारे फुटले. हे पाहून मी ठेकेदाराला पुन्हा फोन केला, आणि आश्चर्य म्हणजे त्याने तो उचलला. सगळे शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, ''म्हणूनच ठेवला होता, साहेब.''