अचानक येणाऱ्या रजोनिवृत्तीबद्दलही लिहा

बीआरसीए जनुकातल्या बदलामुळे (त्याने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो) अंडाशय आधीच काढून घेण्यावरचा तुमचा लेख वाचला. चांगला आहे, पण त्यात ‘दुर्बिणीतून होणारी छोटी शस्त्रक्रिया’ एवढ्यावर विषय संपवलेला खटकला. माझी हीच शस्त्रक्रिया झाली आहे. छेद खरंच लवकर भरतात. पोटात भरलेल्या वायूमुळे सुरुवातीला खांदा दुखतो, थोडं थोडं चाललं की ते दुखणं ओसरतं. जड उचलायचं नाही, बस.

खरा प्रश्न हार्मोन्सचा. एरवी काही वर्षं घेणारी रजोनिवृत्ती इथे एका दिवसात येते, आणि बदल बीआरसीए१ मध्ये (या जनुकाच्या दोन प्रकारांपैकी एकात) असेल तर साधारण ३५ ते ४० या वयात! अंगातून वाफा, रात्री घामाने भिजणं, झोप उडणं, कोरडेपणा, उगाचच भरून येणं. म्हणून हार्मोन थेरपीचं (अंडाशयातून मिळणारे हार्मोन्स औषधातून घेण्याचं) बोलणं शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवं. स्तनाचा कर्करोग झालेला नसेल तर बहुतेकींना ती नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत घेता येते, हाडांनाही तिचा आधार मिळतो. झालेला असेल तर कोणती दुसरी औषधं चालतील ते विचारा. हाडांची घनता तपासून घ्या. मूल हवं असेल तर स्त्रीबीजं गोठवण्याचा विचारही आधीच करावा लागतो.

आणि गर्भनलिकाही काढणार ना, त्यांची बारकाईने तपासणी होणार ना, हे नक्की विचारा. अंडाशयाचे म्हणवले जाणारे बरेच कर्करोग तिथेच सुरू होतात. त्या अहवालाची वाट पाहणं मला टाक्यांपेक्षा जड गेलं. त्या दिवसांत कुणीतरी आपलं माणूस जवळ असू द्या.