हिरडीतून रक्त येत नाही, म्हणून ती निरोगी?

‘सिगारेटने दातांवर फार तर डाग पडतात, उलट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, सोडली की येऊ लागते, आणि काही बिघडलेच तर दात साफ करून घेतले की झाले,’ असा एक संदेश सध्या सर्रास पुढे पाठवला जातो.

यातला रक्ताचा मुद्दा सर्वांत फसवा आहे, कारण निरीक्षण खरे असून निष्कर्ष उफराटा आहे. सुजलेल्या हिरडीतून ब्रश लागताच रक्त येते, ती दुखण्याची पहिली खूण असते. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि वर्षानुवर्षांच्या धूम्रपानाने हिरडीचा हा प्रतिसादच मंदावतो, त्यामुळे खाली जंतूंचे काम चालू असतानाही वरून हिरडी फिकट, घट्ट आणि शांत दिसते. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवतात. निरोगी जागी ती ३ मिलिमीटरच्या आत अडते. ओढणाऱ्याच्या तोंडात रक्ताचा टिपूसही न दिसता ती ६ मिलिमीटरपर्यंत उतरू शकते, म्हणजे दाताचा आधार तिथे सुटत चाललेला असतो.

सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त दिसू लागते, ते दबलेला प्रतिसाद परत आल्यामुळे. अशा वेळी दंतवैद्याकडे जाऊन कीटण काढून घ्यावे. पुन्हा सिगारेट पेटवणे म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून तिची तार तोडण्यासारखे आहे.

डागांबद्दल वाद नाही, ते पॉलिशने जातात.

‘साफ करून घेतले की झाले’ हे मात्र मान्य करता येत नाही. तीच सफाई, तेच हात, तरी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतील खोल फटी कमी भरतात, कारण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि ऊती सांधणाऱ्या पेशी दोन्ही दुबळ्या पडलेल्या असतात. २०१८ साली जाहीर झालेल्या हिरड्यांच्या विकाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात रोज १० किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या रुग्णाचा विकार सर्वांत वेगाने वाढणाऱ्या श्रेणीत धरला जातो. इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, निकामी होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळते. दाढ काढल्यावर खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी निसटण्याचा धोकाही धूम्रपानाने वाढतो. मग उघड्या पडलेल्या हाडाची, कानापर्यंत जाणारी कळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते.