आधी पोराचं डोकं तर बघा!

पोराच्या डोक्यावर रुपयाएवढी चकती दिसली की निदान पारावरच होतं: चाई लागली! लसूण घासा, कांदा चोळा. कोवळ्या कातडीवर कच्चा लसूण घासला की भाजून फोड येतो, पण सांगणाऱ्याच्या बापाचं काय जातं? 'येतीन केस, काही व्हत नही.'

मग गाठायचं मेडिकल. काउंटरवरचा पोऱ्या मोबाईलमधला फोटो बघून ट्यूब काढून देतो. तिच्यावरची नावं वाचा कधी: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल. क्लोबेटासोल म्हणजे जबर स्टेरॉइड. खाज थांबते, लाली जाते, आई खूश. पण ती चकती चाईची नसून गजकर्णाची, म्हणजे बुरशीची असेल, तर आत बुरशी मजेत पसरते, आणि तिचं रूप इतकं बदलतं की नंतर जाणकार डॉक्टरही चकतो.

अरे, फरक ओळखायला काय लागतं? चाईची जागा गुळगुळीत, खवले नाहीत. गजकर्ण असेल तर खवले, मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, कित्येकदा मानेमागे गाठी. शंका आली तर थोडे खवले आणि चार तुटके केस काचेवर घ्या, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, मायक्रोस्कोपखाली बघा. एवढंच! पण खरवडतो कोण?

आणि गजकर्ण निघाला तर नुसत्या मलमाने तो जात नाही, बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते. गोळी पोटातूनच लागते. ग्रिसिओफुल्विन द्यायची तर पोराचं वजन करून, दुधातुपाच्या जेवणासोबत, कारण स्निग्धाशिवाय ती नीट अंगी लागत नाही. किमान ६ ते ८ आठवडे. चिठ्ठीवर मात्र 'पाच दिवस'! किटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं फेस ठेवून, तोही फक्त घरातल्या बाकीच्यांना लागू नये म्हणून. फणी-टॉवेल वेगळा ठेवा हे तर कोणी तोंडातूनही काढत नाही.

सगळ्यात संताप येतो तो चिऱ्याचा. बुरशीनेच डोकं सुजून पू येतो, याला केरिऑन म्हणतात. ते गळू समजून कापतात! वेळेत गोळी सुरू झाली नाही तर तिथे व्रण राहतो, केस जन्मात येत नाहीत.

धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने कापूस वेचणीची मजुरी बुडवून नंदुरबार गाठायचं, केसपेपर काढायचा, तासभर रांगेत उभं राहायचं, आणि डोक्याला हात न लावता चिठ्ठीवर पुन्हा तीच ट्यूब!