एकच दिवस तर आहे!

"एकच दिवस तर आहे सर, घ्या की सांभाळून." डीजेच्या आवाजाची तक्रार केली की मिळणारं हे उत्तर यापुढे कोणी ऐकवलं तर मी त्याच्या हातात आमचं पोरगं देणार आहे. रात्री पावणेबाराला, रडून लालबुंद झालेलं. आणि सांगणार आहे, एकच तर बाळ आहे, घ्या की सांभाळून.

मोजा ना जरा हे एकच दिवस. दहीहंडी एकच दिवस. गणपती बसायचा एकच दिवस, त्याच्या आधी मंडळाच्या 'आगमन सोहळ्या'चा एकच दिवस. मग दीड दिवसाचे, पाचव्या दिवसाचे, सातव्या दिवसाचे, आणि मग खरं विसर्जन. नवरात्रात देवी आणायचा एक, बोळवायचा एक. जयंत्या. थर्टी फर्स्ट. शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमधली हळद. आणि आमच्या गल्लीतल्या भाऊंचा वाढदिवस, जो रात्री बाराला रस्त्यात, गाडीच्या बॉनेटवर केक ठेवूनच साजरा व्हावा लागतो. झेंड्याचा रंग कुठलाही असो. डीजे भाड्याने देणारा तोच, टेम्पो तोच, जनरेटर तोच आणि वाजणारी गाणीसुद्धा तीच. त्यामुळे धर्म, जात, पक्ष काढून माझ्याशी भांडायला कोणी येऊ नका. माझं भांडण त्या टेम्पोवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीशी आहे.

तान्हं बाळ झोपवणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. दूध पाजून झालं की खांद्यावर घ्यायचं, ढेकर काढायची, मग बेडरूम ते बाल्कनीचं दार अशा येरझाऱ्या. डोळे मिटले म्हणून लगेच पाळण्यात ठेवायचं नाही, कारण ती झोप वरवरची असते. हात सैल पडले, श्वास एकसारखा झाला, की मग पाठीखालचा हात एकेक बोट करून सोडवायचा. तिकडे बायको, जिचे टाके अजून ओढतात, ती एवढंच म्हणते, "मला सलग तीन तास झोप दे, बाकी तुझं गाणं-बिणं सगळं नंतर." अगदी रास्त मागणी. मी ती पुरी करायच्या बेतात असतो आणि चौकातून 'धम्म' येतो. बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. पहिले काही महिने दचकण्याची ही प्रतिक्रिया अंगातच असते म्हणतात डॉक्टर, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मान्य. पण एका रात्रीत किती वेळा?

खिडक्या बंद करा म्हणतात. केल्या. दाराच्या फटीत चादर कोंबली. त्याने वरचा किरकिरा आवाज कमी होतो, बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते, ती काय आमच्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला जुमानणार? ती भिंतीतून येते, पाळण्याच्या दांडीतून येते, ताटाळ्यातल्या वाट्या वाजवत येते.

आणि आता तो अजरामर टोमणा. "तुम्ही तर गाण्यातले ना? मग तुम्हाला कसा त्रास होतो?"

हो, आहे मी गाण्यातला. म्हणूनच जास्त होतो. आमच्या हॉलमध्ये दोन उंच स्पीकर आहेत, लग्नाआधीच्या पगारातून घेतलेले. सध्या त्यांच्यावर लंगोट वाळत असतात. ॲम्प्लिफायरवर दुपट्यांची चळत. बाळ घरी आल्यापासून मी त्या स्पीकरवर एक गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर ऐकायचे तर एका कानात इअरफोन, दुसरा कान पाळण्याकडे. आवाजही इतका हळू, की तानपुरा ऐकू येत नाही, आहे असं धरून चालायचं. याबद्दल तक्रार नाही. घरात मूल झोपलंय, माणूस आवाज कमी करतो. यात त्याग वगैरे काही नाही, साधी अक्कल आहे. मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाच्या स्पीकरचा आवाज शून्यावर आणायचा, आणि चौकातल्याने लोकवर्गणीच्या डीजेने माझी भिंत हलवायची, हा कुठला न्याय?

बरं, मी काही नाक मुरडणारा शास्त्रीयवाला नाही. एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला स्टेजच्या समोर उभं राहून दोन दिवस कान बधिर करून घेतलेत. ढोल-ताशाचं पथक चांगलं वाजवत असेल तर मी स्कूटर बाजूला लावून उभा राहतो, अजूनही. ताशेवाला काय गती घेतो! पण तिथे मी माझ्या पायांनी जातो. चार महिन्यांचं पोरगं कुठल्या कॉन्सर्टचं तिकीट काढून आलंय?

खरा संताप कशाचा येतो सांगू? सवाईचं जे झालं त्याचा. सवाई गंधर्व हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव १९५३ साली पुण्यात सुरू झाला, पुढे भीमसेनजींनी तो आयुष्यभर वाहिला. आमच्या आधीच्या पिढीची माणसं घोंगड्या आणि चहाचे थर्मास घेऊन रात्र-रात्र बसायची. मध्यरात्रीचा दरबारी राग मध्यरात्रीच ऐकायची. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं. सवाईने मुकाट्याने ऐकलं. आता एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी मिळते तेवढीच, बाकी दहाच्या ठोक्याला मैफल गुंडाळायची. गायकाची नजर घड्याळाकडे, आयोजक विंगेत अस्वस्थ. दरबारी, अडाणा, मालकंस या रात्रीच्या रागांनी वेळ साधायची कधी? कायदा पाळला म्हणून एका परंपरेची रात्रच गेली. आणि ज्यांच्यासाठी कायदा झाला ते चौकात रात्री बारा वाजता लेझर मारतायत.

आकडे बघा आणि हसा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज फार तर ७५. डीजेच्या समोर १०० सहज ओलांडतात. लोकांना वाटतं ५५ आणि १०० म्हणजे साधारण दुप्पट. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते हो! ५५ ते १०० म्हणजे तीस हजारपटींहून जास्त. दुप्पट नव्हे, तीस हजारपट. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती वेळेची सूट आहे, डेसिबलची नाही. पण चौकीवर फोन केला की पहिला प्रश्न, "तुमचं नाव, पत्ता, फ्लॅट नंबर?" म्हणजे दुसऱ्या दिवशी मंडळाची पोरं आमच्या जिन्यात. गाडी येते, आवाज उतरतो. गाडी वळते, आवाज चढतो.

आणि आपली माणसं तर कमाल. सासूबाई म्हणतात, "होईल हो सवय, आमची नाही का वाढली?" आई, तुमच्या वेळी भोंगा होता, पत्र्याचा. त्याला बेस नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि एका काकांचं "पॉझिटिव्ह राहा." एकाने तर कापसाचे बोळे सुचवले. तान्ह्या पोराच्या कानात कापूस घालून त्याने तो आत ढकलला, तर निस्तरायला येणार आहात का?

परवा शेवटी खालीच गेलो. बाळ खांद्यावर, अंगात बनियन, पायात बायकोच्या चपला. कार्यकर्त्यांशी बोलायच्या भानगडीत पडलो नाही, थेट टेम्पोवरच्या साउंडवाल्याला गाठलं. विशीतला पोरगा, त्याच्याच कानात बोळे. मी ओरडून म्हटलं, "गाणं बंद नको करू रे दादा, फक्त बेस काढ. टॉप चालू दे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, बेस काढला तर वाजवू काय?"